होकाराची वाट न पाहता

सोनारी हे धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा तालुक्यातलं काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात यात्रा भरते तेव्हा लांबलांबून लोक येतात. एरवीही देवळाच्या आवारात माकडं आणि त्यांना फुटाणे घालणारे भाविक यांची वर्दळ असते. दसरा झाला की रस्त्यावर उसाची वाहनं दिसू लागतात. कोणी जवळच्या कारखान्यावर राबतं, कोणी मुकादमाकडून उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकतं आणि बिऱ्हाड घेऊन पार सांगली-कोल्हापूरकडे निघून जातं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलांची समुपदेशक म्हणून काम करताना ज्या गावांत मी शाळाभेटीला जात असे, त्यांत सोनारी होतं. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे त्याच्या दवाखान्याला ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. पाळीच्या तक्रारी, अशक्तपणा, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या असं काहीतरी निमित्त घेऊन मुलं तिथे येतात आणि दार लोटून घेतलं की पुष्कळदा वेगळंच बोलू लागतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुलं धरा. यातली काही नैराश्यात असतात. मोठ्या माणसाचं नैराश्य ओळखू येतं, कारण ते उदास दिसतं. पोरांचं तसं दिसेलच असं नाही. ती चिडतात, उलट उत्तरं देतात, डोकं दुखतं म्हणतात, रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत, आवडीचा खेळ सोडतात, मार्क घसरतात. घरातल्यांना त्यात माज दिसतो, आळस दिसतो, मोबाईल दिसतो. मदतीची वाट इथेच अडते, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाला दवाखान्यात कोणीतरी न्यावं लागतं, आणि ज्याने न्यायचं त्यालाच आजार मान्य नसतो.

या कामातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. पालकाचं मन वळेपर्यंत मुलाला थांबवून ठेवायचं नाही. पालकाशी बोलणं चालूच ठेवायचं, त्याचा मान ठेवायचा, पण मुलाची मदत त्याच्या होकाराच्या आधी सुरू करायची. ती सुरू करता येते. कशी, ते एका मुलीच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती दहावीत होती. वर्गशिक्षिकांनी पाठवलं ते डोकेदुखीसाठी. आधी खो-खोच्या संघात होती. या जिल्ह्यात खो-खोला मोठा मान आहे. भारताच्या महिला संघाच्या कर्णधार राहिलेल्या आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे इथल्याच. या मुलीने दिवाळीनंतर मैदानावर जाणं सोडलं होतं. “पळवत न्हाई मॅडम,” एवढंच म्हणाली.

अशा मुलाशी बोलण्याआधी मी एक गोष्ट स्पष्ट करते. तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, आणि ते कोणाला सांगायचं हे आपण दोघी मिळून ठरवू. हे आधी सांगितलं की पुढे फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. मग नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते: गेल्या दोन आठवड्यांत मन कशात लागलं का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल काय वाटतं, अभ्यासात लक्ष. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचाराचा. अनेक शिक्षक मला म्हणतात, “हे विचारलं तर पोरांच्या डोक्यात नको ते भरायचं.” तसं होत नाही. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही. ज्याच्या मनात तो आधीच आहे, त्याला तो बोलून दाखवायला जागा मिळते. मी विचारलं. ती खाली बघत म्हणाली, “कधी कधी वाटतं, झोपलं की उठूच नये.”

काही ठरवलं होतं का, तेही विचारलं. नव्हतं. पण एवढंही पुरेसं होतं. मी विचारलं, “घरात कोणाला सांगितलेलं चालेल?” वडिलांचं नाव काढताच तिने मान हलवली. आईबद्दल म्हणाली, “आई आप्पांना विचारल्याबिगर काय करत न्हाई.” मग थोड्या वेळाने, “आज्जीला सांगा.”

हा प्रश्न मी कधीही सोडत नाही. पालक मदत करत नाहीत म्हणजे घरात कोणीच नाही, असं आपण पटकन धरून चालतो. आपल्या कुटुंबात आजी असते, मामा असतो, आत्या असते, लग्न झालेली बहीण असते. मुलाने निवडलेलं माणूस कितीही साधं असलं तरी तिथून सुरुवात करायची, कारण त्याच्याशी मूल खरं बोलतं.

गावातल्या आशा सेविकेला, म्हणजे आशाताईंना, बरोबर घेऊन घरी गेले. आजीशी आधी एकटीने बोलले. म्हातारी शांतपणे ऐकत होती. मी तिच्याकडून दोन कामं मागितली. शेतातल्या फवारणीची औषधं घरात उघडी असतील, तर ती कुलपात ठेवायची आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावायची. आणि काही दिवस नातीजवळच झोपायचं. शेतकऱ्याच्या घरात हे पहिलं काम आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बहुतेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी काही नसलं आणि शेजारी माणूस असलं तर जीव वाचतो. याला डॉक्टर लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. आजीने त्याच संध्याकाळी दोन्ही केलं.

मग वडील आले. हातपाय धुऊन बसले आणि मी तोंड उघडायच्या आत बोलले, “खायला-ल्यायला काय कमी हाय का तिला? आमी एवढ्या वयात मोटा उपसल्या. मोबाईल काढून घेतला की जाग्यावर येईल डोकं.” आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, “येड्यांच्या डॉक्टरकडं नेली म्हणून गावात झालं, तर सोयरीक कोण करील मॅडम?”

त्यांची खरी भीती त्या शेवटच्या वाक्यात होती. नकार देणाऱ्या आईबापांशी वाद घालायचा नाही, हे मला कामाने शिकवलं. नकाराच्या मागे काय आहे ते आधी ऐकायचं. बहुतेक ठिकाणी ते चारांपैकी एक असतं: लोक काय म्हणतील, पैसा कुठून आणायचा, पोलीस केस होईल का, आणि आपल्या संगोपनावर बोट ठेवलं जाईल का. यातल्या बहुतेकांना उत्तर आहे. पैशाबद्दल सांगता येतं की १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पोलिसांबद्दल सांगता येतं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो मे २०१८ पासून लागू झाला, जिवाचं बरंवाईट करायला गेलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायला सांगितलं आहे. आणि अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंडसंहितेतलं ३०९ वं कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. म्हणजे लपवून ठेवण्याचं कारण कायद्याने काढून घेतलं आहे. लोकांच्या बोलण्याबद्दल एवढंच सांगता येतं की तालुक्याच्या रुग्णालयात कोण कशासाठी आलंय, हे बाहेरच्या बाकावरून कळत नाही.

त्या दिवशी मी यातलं थोडंच बोलले. त्यांना विचारलं, “दादा, पोरगी रात्री झोपते का?” त्यावर ते लगेच म्हणाले, “कुटं झोपतीय! मी दोनला उठतो तवा जागीच असती.” “तुम्ही रोज दोनला उठता?” ते गप्प झाले. मग सोसायटीचं कर्ज, आटलेली बोअर, कारखान्याकडून यायचं राहिलेलं बिल, असं एकेक निघालं. २०१५ मध्ये राज्याने शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा होता. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायची, असं त्याचं स्वरूप. बरोबर आलेल्या ताई हे काम करून चुकलेल्या. त्यांनी वडिलांना हळूच झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारायला सुरुवात केली. वडील स्वतःसाठी दवाखान्यात आले नाहीत. पण मुलीच्या जागरणाकडे त्यानंतर ते नाटक म्हणून बघत नव्हते, कारण तेच जागरण त्यांना ठाऊक होतं.

मग मी एकच गोष्ट मागितली: रक्त तपासू. ही काही युक्ती नव्हती. या वयाच्या मुलींत रक्तक्षय फार, शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी त्यासाठीच देतात. आणि थायरॉइड कमी असेल तरी थकवा येतो, मन खचतं. नैराश्याचं निदान करण्याआधी डॉक्टर हे बघतातच. सोबत मी हेही स्वच्छ सांगितलं की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या बुधवारी तालुक्याच्या रुग्णालयात येतं, त्याच दिवशी या, त्या डॉक्टरांनाही दाखवू. पालकापासून लपवून उपचार करण्याच्या मी विरुद्ध आहे. एकदा कळलं की ते मुलाला परत दाराबाहेर पडू देत नाहीत. वडील म्हणाले, “मी काय येणार न्हाई. तिची आई आन् म्हातारी जाऊ द्या.”

एवढं पुरे होतं. पालकाला सगळं पटायला हवं, हा आग्रह आपण धरतो आणि त्यात महिने जातात. त्याने आडवं येऊ नये, एवढीच पहिली गरज असते. आईसोबत आलेल्या मुलीला बाह्यरुग्ण विभागात कोणी परत पाठवत नाही. आणि एकदा आई त्या खुर्चीत बसून डॉक्टरांचं ऐकते, तेव्हा घरात त्या विषयावर बोलणारं आणखी एक माणूस तयार होतं.

हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून एक गोळी आणि नियमित बोलणं असा उपचार सांगितला. धाराशिवला जिल्हा रुग्णालयात जायचं तर परांडा, बार्शी करत सगळा दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून पुढचं बोलणं तालुक्यालाच करायचं ठरलं. गोळीबद्दल मी घरच्यांना सुरुवातीलाच सांगते: फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मूल अस्वस्थ वाटलं, विचार वाढले असं म्हणालं, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. बरं वाटल्यावरही डॉक्टर ती बरेच महिने चालू ठेवायला सांगतात. एवढं सांगूनही दुसऱ्या आठवड्यात वडिलांचा फोन आलाच, “काय फरक न्हाई, उगं सवय लागंल.” आजीने मागून फोन घेतला आणि त्यांनाच सुनावलं, “बीपीची गोळी मी इतकी वर्सं घेतीया. लागली का मला सवय?” त्या घरात माझ्या दहा वाक्यांनी जे झालं नसतं, ते त्या एका वाक्याने झालं.

बोलण्याच्या उपचारात मोठं तत्त्वज्ञान नसतं. नैराश्यात माणूस थांबतो, थांबल्यामुळे आणखी खचतो. म्हणून मन होण्याची वाट न बघता रोज एक लहान काम ठरवायचं. तिने ठरवलं की शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला थोडा वेळ बसायचं, खेळायचं नाही. पुढे गुण मोजायला उभी राहिली. नंतर कधीतरी खेळलीही. मुख्याध्यापकांनी सरावपरीक्षेला तिला थोडी सवलत दिली, हजेरीवरून तिला वर्गात बोलू नये असं शिक्षकांना सांगितलं. वडील शेवटपर्यंत “अशक्तपणा होता, गेला” असंच म्हणत राहिले. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. पुढे धाकट्या भावाचं काही बिनसलं तेव्हा मात्र ते स्वतः विचारायला आले.

सगळीकडे असं जुळून येत नाही. अकरावीतला एक मुलगा आजोबांजवळ राहून शिकत होता, आईवडील ऊसतोडीला. आई फोनवर म्हणायची, “कामचुकार झालंय पोरगं.” तिला कठोर म्हणणं सोपं आहे. पण मुलगा आजारी आहे हे मान्य केलं तर तिला फड सोडून परत यावं लागलं असतं, आणि उचल फेडल्याशिवाय मुकादम सोडत नाही. तिच्या नाकारण्यात ते ओझं होतं. तिच्याकडून आम्ही फक्त एवढं मागितलं की रोज रात्री एकदा फोन करायचा आणि त्यात अभ्यासाचा विषय काढायचा नाही, जेवलास का आणि दिवस कसा गेला एवढंच विचारायचं. बाकीची बाजू आजोबा आणि शाळेतल्या एका सरांनी धरली.

आणि काही घरं अशीही असतात जिथे समजूत काढत बसणं धोक्याचं असतं. मारहाण होत असेल, घरातच छळ असेल, तर १०९८ हा बालमदत क्रमांक आहे, जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे. “लग्न लावून द्या, सुधारेल” असा उपाय मुलींच्या बाबतीत आजही निघतो. तो बालविवाह आहे आणि गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला कळवायचं. २०१७ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी हा पालकच असतो, पण तो मुलाच्या हिताने वागत नसेल तर मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा मुलाचं हित पाहणारी कोणतीही व्यक्ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकते, आणि मंडळ त्या जागी दुसरी योग्य व्यक्ती नेमू शकतं. ही वाट क्वचित लागते. पण पालकाचा नकार हा शेवटचा शब्द नाही, हे कायद्यानेही मानलं आहे.

देवाचा विषय आमच्या भागात येतोच. “आधी नाथाला अंगारा लावून आणतो,” असं म्हणणाऱ्याला मी कधी अडवलं नाही. भैरवनाथावरची श्रद्धा त्या घराचा आधार आहे, आणि खचलेल्या मुलाच्या घरातला कोणताही आधार मला मोडायचा नाही. मी म्हणते, नाथाला जाऊन या आणि बुधवारी दवाखान्यात या. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दुवा मागायला आलेल्यांना तिथेच मानसोपचाराची औषधं मिळण्याची सोय उभी राहिली आणि लोकांनी दोन्ही घेतलं. माझी अट एकच: उपास, मारझोड, कोंडून ठेवणं हे उपाय म्हणून चालणार नाहीत, आणि सुरू झालेलं औषध थांबणार नाही.

जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ मोजके असताना हे काम पुढे कसं जाईल, असं मला विचारतात. उत्तर आपल्या आसपासच आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘संगथ’ संस्थेने दाखवून दिलं की नीट शिकवलं तर गावातली साधी माणसंही नैराश्याच्या रुग्णाला बोलण्याचा उपचार देऊ शकतात. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच माणसांना दुसऱ्याचं दुःख ऐकून घेण्याचं शिक्षण दिलं. आणि आपल्याच जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. आजीने किल्ली कमरेला लावली, मुख्याध्यापकांनी हजेरीचा विषय थांबवला, ते याच कामाचे भाग आहेत.

हे एखादं मूल वाचत असेल तर त्याला सांगते. तुझ्या घरी कोणी मानत नसलं तरी तुला जे होतंय ते खरं आहे, आणि त्यावर उपचार आहे. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. घरच्या फोनवरून भीती वाटत असेल तर शाळेतल्या शिक्षकांच्या फोनवरून लाव. आईवडिलांशी बोलताना ‘मला डिप्रेशन आहे’ यावर ते ऐकत नसतील, तर ‘मला महिनाभर झोप नाही, मला डॉक्टरांना दाखवा’ असं म्हण. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचार, दुसऱ्याने नाही म्हटलं तर तिसऱ्याला. जिवाचं काही करावंसं वाटलं तर त्या क्षणी एकटं राहू नकोस. जे माणूस जवळ असेल त्याच्याजवळ जाऊन बस आणि सांग.

आणि मोठ्यांना माझी विनंती आहे, विशेषतः जे आईबाप नाहीत त्यांना. तुम्ही मामा असाल, आत्या असाल, वर्गशिक्षक असाल, शेजारी असाल. एखादं पोरगं गप्प झालंय, खेळायचं थांबलंय असं दिसलं, तर त्याच्या आईबापाशी भांडू नका आणि ‘त्यांचं ते बघतील’ म्हणून मागेही राहू नका. पोराला विचारा. ऐकून घ्या. मग त्याच्या घरी जाऊन एवढंच म्हणा, “बुधवारी मी तालुक्याला जाणार आहे, याला दवाखान्यात दाखवून आणतो.” बहुतेक घरं या वाक्याला नाही म्हणत नाहीत. म्हणालीच, तर पुढच्या बुधवारी परत जा.